ख्रिस्ती लोकांना निर्वासितांचा एवढा पुळका का?

प्रश्नाच्या खाली तुम्ही आणखी दोन ओळी लिहिल्यात: हे सगळं धर्मांतरासाठीच चालतं ना, आणि एवढी दया येत असेल तर स्वतःच्या घरात का ठेवून घेत नाहीत? प्रश्न टोचरा आहे, पण विचारलात ते बरं केलंत. मी कोल्हापूरचा, तिसऱ्या पिढीतला ख्रिस्ती, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत सुपरवायझर. पाळक नाही, त्यामुळे प्रवचन मिळणार नाही.

आम्हाला ही गोष्ट संडे स्कूलमध्येच आज्ञा म्हणून शिकवतात. बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या 19व्या अध्यायात देव इस्राएल लोकांना सांगतो की तुमच्यात राहणाऱ्या परक्याला आपल्यातलाच माना, कारण मिसर देशात तुम्हीही उपरेच होता. मला यातलं ते 'कारण' फार महत्त्वाचं वाटतं. परका माणूस चांगला आहे, गरीब आहे, कामाचा आहे, असलं काहीच तिथं म्हटलेलं नाही. तुमचे दिवस आठवा, एवढंच. बायबलमधल्याच अनुवाद नावाच्या पुस्तकात तर थेट शेताचा नियम आहे: कापणीच्या वेळी पेंढी शेतात विसरली तर आणायला परत जाऊ नका, ती उपऱ्याची, अनाथाची, विधवेची. आमच्या आजीला हे समजावून सांगावं लागलं नाही. भुईमूग काढून झाल्यावर दुसऱ्याच्या रानात सरवा वेचायला ती स्वतः जायची. रूथ ही मवाबी, म्हणजे परदेशी बाई, बवाजाच्या शेतात तेच करत होती, आणि दावीद राजा तिच्याच वंशातला. येशूचं बाळपणही हेरोद राजाच्या भीतीनं मिसरात पळून जाण्यात गेलं. नाताळच्या देखाव्यात आपण गोठा मांडतो, ते पळणं कुणी मांडत नाही.

आता कोल्हापूरचं बघा. गांधीनगरला कापड घ्यायला तुम्ही कधी ना कधी गेला असाल. त्याच भागात, वळिवड्याला, 1943 ते 1948 या काळात पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. सुमारे 5,000 माणसं, त्यात बायका आणि मुलंच जास्त. सोव्हिएत सत्तेनं त्यांना घरांतून उचलून सायबेरिया, कझाकस्तानकडे नेलं होतं. तिथून सुटल्यावर इराणमार्गे ती आपल्याकडे पोहोचली. छावणीत त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. ती बहुतेक कॅथलिक, आणि आजूबाजूची गावं हिंदू, जैन, मुसलमान. म्हणजे इथं ख्रिस्ती माणूस उपरा होता आणि त्याला जागा देणारे तुमचे-आमचे आजोबा-पणजोबा. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले आणि आजचं गांधीनगर उभं राहिलं. महावीर उद्यानात पोलिश लोकांनी उभारलेला स्मृतिस्तंभ आहे. त्याच्या शेजारी बसून लोक भेळ खातात आणि 'बाहेरून आलेल्यांनी गावाची वाट लावली' अशी चर्चा करतात. मीही केलीय, खोटं कशाला बोलू.

धर्मांतराबद्दल. तुमचा संशय हवेतून आलेला नाही. मदतीबरोबर पत्रक देणारे लोक असतात आणि मला ते पटत नाही. पण दुसरी उदाहरणंही आहेत. 2016 मध्ये पोप फ्रान्सिस ग्रीसच्या लेस्बोस बेटावरून 12 सीरियन निर्वासितांना आपल्याच विमानातून रोमला घेऊन गेले. बाराच्या बारा मुसलमान. (आम्ही प्रॉटेस्टंट, पण चांगलं ते चांगलं म्हणावं.) हेग शहरात 2018च्या ऑक्टोबरात एका अर्मेनियन कुटुंबाला देशाबाहेर काढायची वेळ आली. उपासना चालू असताना पोलिसांनी चर्चमध्ये शिरायचं नाही, असा नेदरलँड्सचा कायदा. मग तिथल्या बेथेल चर्चनं उपासना संपवलीच नाही! रात्रंदिवस, पाळी लावून, 96 दिवस. देशभरातून शेकडो पाळक आले. शेवटी सरकारनं अशा कुटुंबांतल्या मुलांची प्रकरणं पुन्हा तपासायचं मान्य केलं, तेव्हा कुठं ती थांबली. आमच्याकडे दीड तासाच्या वर उपासना गेली की लोक घड्याळ बघतात.

आपल्या देशातलं बघायचं तर मिझोराम. 2021 मध्ये म्यानमारच्या लष्करानं सत्ता बळकावल्यावर तिकडचे चिन जमातीचे लोक हजारोंनी सीमा ओलांडून आले. तिथल्या चर्चनी आणि गावकऱ्यांनी त्यांच्या अन्नाची, निवाऱ्याची सोय केली. अर्थात चिन आणि मिझो हे नात्यातले, दोन्ही ख्रिस्ती, त्यामुळे ते सोपं होतं असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. आपण परका ज्याला म्हणतो तो नात्यातला नसतो, खरी अडचण तिथंच आहे.

सीमाच नकोत, असं मात्र माझ्या ओळखीतलं कुणीच म्हणत नाही. कुणाला राहू द्यायचं हे सरकार ठरवणार. भारतानं 1951च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे इथं बरंचसं प्रत्येक वेळच्या सरकारी निर्णयावर अवलंबून असतं. आमचं म्हणणं एवढंच की निर्णय होईपर्यंत, आणि परत पाठवायचं ठरलं तरी, त्याला माणसासारखं वागवा.

राहिला घरात घेण्याचा प्रश्न. 2020च्या लॉकडाऊनमध्ये आमच्या फाउंड्रीतली बिहारची चौदा पोरं अडकली. खोलीमालकानं बाहेर काढलं होतं. चर्चचा हॉल द्यायचा का, यावर आमच्या कमिटीत कडाक्याचं भांडण झालं. एक वडीलधारे म्हणाले, "आपल्याच लोकांना पुरेना, यांचं काय घेऊन बसलाय?" त्यांचे आजोबा नगरकडून मिशनच्या दवाखान्यात कामाला आले होते, हे सगळ्यांना ठाऊक, बोललं कुणीच नाही. हॉल दिला, अकरा दिवस. पाळकांनी पहिल्याच दिवशी आम्हाला बजावलं की त्यांच्यापुढे प्रार्थना नको, पुस्तकं नकोत, फक्त जेवण. तांदूळ-डाळ आमच्याकडून, भाजी शेजारच्या तालमीतल्या पोरांकडून.

माझ्या स्वतःच्या घरात मी कुणाला घेतलं नाही. दोन खोल्या, आई आजारी, आणि कोरोनाची भीती होती. तुमचा तेवढा मुद्दा मला मान्य आहे.

त्या चौदा पोरांतला एकजण अजून आमच्याकडे मोल्डिंगला आहे. छठपूजेला घरी ठेकुआ, म्हणजे त्यांच्याकडचा गोड पदार्थ, आणून देतो. चर्चमध्ये तो त्यानंतर कधी आला नाही, आणि मीही कधी बोलावलं नाही.