बेडकाला गाणं कोण शिकवतं?

प्रश्न : झेब्रा फिंचचं पिल्लू बापाकडून गाणं शिकतं, असं वाचलं. झाडावरच्या बेडकाला कोण शिकवतं? आणि शिकावंच लागत नसेल, तर तो पक्ष्यापेक्षा मागासलेला म्हणायचा का?

उत्तर : ‘मागासलेला’ हा शब्द आधी बाजूला ठेवा, मला तो फार खटकतो.

मी झेब्रा फिंच पाळतो. सव्वा महिन्याचा नर दांडीवर एकटाच बसून चोच जेमतेम हलवत पुटपुटत असतो. कान लावला तरच ऐकू येतं. सूर तुटके, दर वेळी वेगळे. तीन महिन्यांचा होईतो त्या पुटपुटण्याचं गाणं होतं आणि मग तेच जन्मभर राहतं. (माद्या गात नाहीत.) या दिवसांत गाणारा नर कानावर पडलाच नाही, तर गाणं वेडंवाकडं राहतं. बेंगालीज फिंच या दुसऱ्या जातीच्या पक्ष्यांच्या जोडीने वाढवलं, तर पिल्लू त्यांचं गाणं उचलतं.

आता उत्तर अमेरिकेतला करडा वृक्षबेडूक घ्या. मादी पाण्यात अंडी घालून निघून जाते, पिल्लांना शिकवणारं कुणी नाही. तरी वयात आलेला नर तोंड-नाकपुड्या मिटून फुफ्फुसांतली हवा गळ्याच्या पिशवीत ढकलतो आणि हाक निघते ती बरोबर त्याच्याच जातीची. ती उपजतच असते.

या हाकेवर केवढं अवलंबून आहे बघा. हुबेहूब तसाच दिसणारा, पण वेगळ्या जातीचा त्याचा एक भाऊबंद आहे. याची गुणसूत्रं 48, त्याची 24. हातात घेऊन पाहिलं तरी ओळखू येत नाहीत, पण 24 वाल्याच्या हाकेची थरथर जवळपास दुप्पट भरभर असते. मादी त्यावरूनच आपला नर निवडते.

बेडकाचं अंग हवेबरोबर गार पडतं, म्हणून गार रात्री थरथर मंदावते. मग मादी फसत असेल? नाही फसत! त्याच गारव्यात तिची आवडही तेवढीच मंद होते. गाणाऱ्याचा गळा आणि ऐकणारीचा कान, दोन्ही एकत्र बदलतात. हे मला पहिल्यांदा कळलं, तेव्हा मी कितीतरी वेळ नुसता बसून राहिलो होतो.

या दोन बेडकांची रेकॉर्डिंग मिळवून ऐकणार असाल, तर त्या रात्रीचं तापमान नोंदलेलं आहे ना ते बघा. त्याशिवाय नुसत्या वेगावरून जात सांगायला जाल, तर चुकाल.