घरे हलेनाशी झाली की दुकानही थंडावते

प्रश्न : आमची मुलगी अमेरिकेत अटलांटाजवळ राहते. तिच्या आग्रहावरून घरदुरुस्ती व बांधकामाचे सामान विकणाऱ्या ‘होम डेपो’ या कंपनीचे थोडे शेअर घ्यावेत असा विचार आहे. एवढ्या मोठ्या दुकानदाराला खरा धोका कोणाचा, ॲमेझॉनचा की तशीच दुकाने चालवणाऱ्या ‘लोज’चा? – एक निवृत्त वाचक, पुणे

उत्तर : शेअर घ्यावेत की नाही, हे आपली एकूण बचत पाहिल्याशिवाय कोणी सांगू नये, त्यामुळे मीही ते सांगणार नाही. धंद्यातील जोखमीविषयी मात्र सविस्तर लिहितो. आपण घेतलेली दोन्ही नावे योग्यच आहेत. तरीही अलीकडच्या वर्षांत या कंपनीला सर्वाधिक जाच झाला तो व्याजदराचा.

अमेरिकेत गृहकर्जाचा दर बहुधा तीस वर्षांसाठी एकदाच ठरतो. आपल्याकडच्यासारखा तो रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराबरोबर वरखाली होत नाही. जानेवारी 2021 मध्ये हा सरासरी दर 2.65 टक्क्यांपर्यंत उतरला होता आणि ऑक्टोबर 2023 मध्ये तो 7.79 टक्क्यांवर गेला. तीन लाख डॉलरच्या कर्जाचा हप्ता पहिल्या दराने महिना सुमारे 1,210 डॉलर बसतो, तर दुसऱ्या दराने सुमारे 2,160 डॉलर. ज्याच्याकडे स्वस्त कर्ज आहे त्याने घर बदलायचे म्हणजे तो हप्ता सोडून जवळपास दुप्पट हप्ता गळ्यात बांधून घ्यायचा. तो जागचा कशाला हलेल? 2021 मध्ये तेथे 61 लाखांहून अधिक जुनी घरे विकली गेली होती, 2024 मध्ये हा आकडा 40 लाख 60 हजारांवर आला, आणि 1995 नंतर इतकी कमी विक्री झाली नव्हती.

घर विकायला काढणारा माणूस भिंती रंगवतो, गळका नळ बदलतो, अंगणातील गवत नीट करतो. घेणारा आल्याबरोबर फरशी उखडतो आणि स्वयंपाकघराचे कपाट नव्याने बसवतो. एका घराचा असा हात बदलला की दुकानात दोनदा खरेदी होते, आणि घर हललेच नाही तर दोन्ही खरेद्या बुडतात. स्वयंपाकघरासारखे मोठे काम पुष्कळदा कर्ज काढून केले जाते, म्हणून महाग व्याज तेथेही आडवे येते. होम डेपोच्या वर्षभरापूर्वीपासून चालू असलेल्या दुकानांतील विक्री 2023 च्या आर्थिक वर्षात 3.2 टक्क्यांनी आणि 2024 मध्ये 1.8 टक्क्यांनी घटली. 2024 ची एकूण उलाढाल सुमारे 159 अब्ज डॉलर, म्हणजे आदल्या वर्षापेक्षा जास्त दिसते खरी, पण त्या वाढीत विकत घेतलेल्या कंपनीच्या विक्रीची भर आहे. अहवाल वाचताना हे दोन आकडे वेगळे ठेवावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

ती विकत घेतलेली कंपनी म्हणजे ‘एसआरएस’. छप्पर, बागकाम आणि जलतरण तलावाचे सामान ती ठेकेदारांना पुरवते, आणि तिच्यासाठी 2024 मध्ये 18.25 अब्ज डॉलर मोजले गेले. खरी स्पर्धा आता या ठेकेदारासाठी आहे. सकाळी सहाला दुकान उघडते तेव्हा पिकअप गाडी घेऊन तोच उभा असतो, आणि घरी बसून एखादे कपाट रंगवणाऱ्या हौशी ग्राहकाच्या मानाने त्याची खरेदी कितीतरी मोठी व वर्षभर चालणारी असते. होम डेपोची निम्म्याच्या आसपास विक्री त्याच्यामुळे होते. लोजचा भर आजवर हौशी ग्राहकांवर राहिला, म्हणून त्या कंपनीनेही 2025 मध्ये बांधकाम-साहित्याचा पुरवठा करणारी एक कंपनी 8.8 अब्ज डॉलरला घेतली. मोठा ठेकेदार माल मात्र उधारीवर मागतो. रोख विक्रीत मुरलेल्या दुकानाने उधारीच्या धंद्यात शिरणे, त्यासाठी कर्ज काढणे, आणि तेही घरबांधणी मंद असताना, ही मला यातील सर्वांत नाजूक बाब वाटते.

ॲमेझॉनची भीती मला त्या मानाने अतिरंजित वाटते. ड्रिल, बल्ब आणि नळ घरपोच येतात. पन्नास प्लायवूडच्या शीट आणि सिमेंटची पोती कामाच्या जागी सकाळी आठला उतरवून देणे हे निराळे काम आहे. वसंत ऋतू लांबला तर बागकामाचा हंगाम हातचा जातो, आयात मालावर शुल्क चढले की नफा आकसतो, आणि 2014 मध्ये एका पुरवठादाराच्या पासवर्डवरून संगणकात शिरलेल्या चोरांनी 5 कोटी 60 लाख कार्डांची माहिती पळवली होती, हेही ध्यानात असू द्यावे.

प्रश्न : कराडमध्ये माझे हार्डवेअर आणि रंगांचे दुकान आहे. असे अवाढव्य विदेशी दुकान इकडे आले तर आमच्यासारख्यांनी काय करावे? – एक दुकानदार वाचक

उत्तर : परमुलखात या दुकानांचा अनुभव चांगला नाही. होम डेपोने 2006 मध्ये चीनमध्ये बारा दुकाने घेतली आणि 2012 मध्ये उरलेली मोठी दुकाने बंद केली, कारण तेथील गृहस्थ हातोडा स्वतः न उचलता कारागीर बोलावतो. ऑस्ट्रेलियातील ‘बनिंग्ज’ या अशाच दुकानांच्या मालकांनी ब्रिटनमधील ‘होमबेस’ ही दुकानांची साखळी 2016 मध्ये 34 कोटी पौंडांना घेतली आणि 2018 मध्ये अवघ्या एका पौंडाला विकून टाकली. आपल्याकडेही नळ प्लंबर बसवतो आणि रंग पेंटर सुचवतो. शिवाय अनेक ब्रँड विकणाऱ्या किरकोळ दुकानांतील परकीय गुंतवणुकीवर 51 टक्क्यांची मर्यादा आणि बऱ्याच अटी आहेत.

आपल्याला झळ लागेल ती रंगाच्या कंपन्यांमधील चढाओढीची. 2024 मध्ये ‘बिर्ला ओपस’ बाजारात उतरले, आणि ‘एशियन पेंट्स’ विक्रेत्यांवर दबाव आणते, या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने जुलै 2025 मध्ये चौकशीचा आदेश दिला. नवी कंपनी जास्त मार्जिन देऊ करील, पण तिचे रंग मिसळायचे टिंटिंग मशीन, शेड कार्ड आणि डब्यांचा साठा दुकानातील जागा व आपले भांडवल दोन्ही अडवून बसेल, आणि जो डबा पेंटर मागत नाही तो मांडणीवर पडूनच राहील. म्हणून करारावर सही करण्यापूर्वी आपल्या नेहमीच्या दहा पेंटरांना विचारावे. उधारीची वहीही दसऱ्याच्या गर्दीपूर्वी एकदा उघडावी, आणि निम्मी बाकी दोन-तीन ठेकेदारांकडेच अडकली असेल, तर नवा माल भरण्याआधी त्यांच्याकडून वसुली करावी.