कोकणातल्या शाळेत गरजू मुलांना वह्या, कपडे, खाणं मिळावं म्हणून गावाने काय करावं?

सगळ्यात आधी वेळ साधा. किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि शाळा भरते नेमकी जूनच्या मध्यावर. खलाशांच्या घरात पैसा आटलेला असतो, तेव्हाच वह्या, छत्री, चपला लागतात. गणपतीपर्यंत थांबलात तर अर्धा पावसाळा गेला. मे महिन्यात चाकरमानी गावी असतात, तेव्हाच वाडीच्या बैठकीत विषय काढा.

पाठ्यपुस्तकं, गणवेश सरकारी योजनेतून येतात. त्यावर पुन्हा खर्च नको. पण भिजलेला गणवेश आमच्याकडे दोन-दोन दिवस वाळत नाही. शाळेत टॉवेल आणि कोरड्या कपड्यांचे काही जोड कायम ठेवा. कुडकुडणाऱ्या मुलाचं फळ्याकडे लक्ष कसं लागेल?

हे सगळं शाळा व्यवस्थापन समितीमार्फत करा. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार तिच्यात किमान ७५ टक्के पालक आणि ५० टक्के महिला असतात. कुणाच्या घरी अडलंय हे त्या बायांना बरोबर ठाऊक असतं. नावं बाहेर जाऊ देऊ नका आणि वाटपाचे फोटो तर अजिबात काढू नका, मुलं ते विसरत नाहीत.

खाण्यासाठी पोषण आहार योजनेत ‘तिथी भोजन’ची सोय आहे: वाढदिवस किंवा सणानिमित्त सगळ्याच मुलांना जेवण देता येतं. मुख्याध्यापकांशी बोलून तारीख ठरवा.