वर्षही सरलं नाही, तरी बागेत मन रमतं. माझं चुकतंय का?

"मॅडम, ह्यांना जाऊन वर्षसुद्धा झालं नाही, आणि सकाळी डोळा उघडला की मला परसात जायची ओढ लागते. तिथे बरं वाटतं. हे शोभतं का मला?"

समुपदेशनाच्या कामात जोडीदार गेलेल्या माणसांकडून हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या शब्दांत मी नेहमी ऐकते. विचारणाऱ्या काकू साताऱ्याकडच्या, साठी ओलांडलेल्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) काका श्रावणात गेले. परसबाग सगळी त्यांचीच. काकू फार तर देवाला फुलं तोडायला जायच्या. काका गेल्यावर तिकडे कोणी फिरकलंच नाही.

माघात जाऊबाई म्हणाल्या, "मोगरा छाटला नाहीस तर यंदा फुलं धड यायची नाहीत." मोगऱ्याला कळी येते ती नव्या फुटीवर. म्हणून थंडी सरताना त्याचं पाणी तोडायचं, पानं उतरवायची, फांद्या छाटायच्या, आळं खणून शेणखत घालायचं आणि मग पाणी सोडायचं. काकांना हे करताना इतकी वर्षं पाहिलेलं, काकूंच्या हातांना ते आपसूक जमलं. फाल्गुनात पोपटी फूट आली. जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा ही बारीक कीड पडली, ती त्यांनी साबणाच्या पाण्याने पुसून काढला. मग हुरूप येऊन भेंडी, गवार, दोडका लावला. भेंडीचं बी रात्रभर भिजवून पेरलेलं. एका सकाळी माती उचलून पहिलं रोप वर आलं, बियाचं टरफल अजून पानांना चिकटलेलं. काकूंनी वाकून ते नखाने अलगद सोडवलं, दोन्ही पानं उघडली, आणि त्यांना मोठ्याने हसू आलं.

नेमक्या तेव्हाच चुलत सासूबाई दारात. "बरी सावरलीस गं लवकर," एवढंच म्हणाल्या.

काकूंनी खुरपं ठेवलं ते ठेवलंच. वर्षभर सण नाहीत म्हणून पाडव्याला गुढी उभारली नव्हती. ज्या घरात गुढी नाही तिथे आपण हसलो कशा, हे त्यांच्या मनाने घेतलं. दोडक्याचे वेल माना टाकू लागले आणि आई खोलीबाहेर येईना, तेव्हा मुलगा त्यांना माझ्याकडे घेऊन आला.

मी विचारलं, "बागेत काकांचा विसर पडतो का?"

"छे हो! तिथेच जास्त आठवतात. खुरप्याची मूठ त्यांच्या अंगठ्याने एका बाजूला झिजलीये. धरली की माझा अंगठा बरोबर तिथेच बसतो. किती पाणी घालू, म्हणून विचारते मी त्यांना." मग घाबरून, "हे वेडेपण नाही ना?"

नाही. गेलेल्या माणसाशी बोलणं शोकात सर्रास आढळतं. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या अभ्यासकांनी १९९९ मध्ये शोकाची जी मांडणी केली, ती मला रोजच्या कामात पटत आली आहे. माणूस कधी आठवणीत बुडतो, कधी पुढच्या जगण्याच्या कामाला लागतो, आणि ही ये-जा चालू असणं हेच निरोगी. काकूंना मी एवढंच म्हटलं: पहाटे रडू आलं आणि तासाभराने मोगऱ्याच्या वासाने बरं वाटलं, तर दोन्ही खरं. हसू आल्याने काकांवरची माया कमी होत नाही.

एक गोष्ट मात्र मला सलते. बायको गेलेला पुरुष बागेत रमला तर लोक म्हणतात, बरं झालं, मन गुंतवलं. बाईने किती दिवस कोमेजून राहायचं हे मात्र शेजारपाजार ठरवतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं अशा विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. तो मी काकूंना सांगितला. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग हळूच म्हणाल्या, "गजरा माळावासा वाटला होता मला. ओवला, आणि देवीला वाहिला." माळायचा की नाही हे त्यांचं त्यांनी ठरवायचं, मी त्यात पडले नाही.

ठरलं ते एवढंच: ऊन चढायच्या आत परसात जायचं, एका वाफ्यापुरतं. मुलाला सांगितलं, आईला त्रास नको म्हणून तू पाणी घालत बसू नकोस, तिला उठायला तेच निमित्त आहे. दोडका गेला. भेंडी जगली, आणि पहिली कोवळी तोडणी काकूंनी चुलत सासूबाईंकडे पाठवली.

तुमच्या घरात असं कोणी असेल तर बागेतल्या तासांवरून काळजी करू नका. झोप, भूक, माणसांशी बोलणं बघा, आणि ती व्यक्ती उद्याचं काही बोलते का तेही बघा. दोन आठवड्यांहून जास्त कशातच, बागेतसुद्धा, मन लागत नसेल किंवा जगणं नको असं बोलणं येत असेल, तर वाट न बघता डॉक्टरांना दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं.