मित्राचा नंबर लागला, आपल्या मुलाचा नाही

*ताई,*

*आम्ही व्हर्जिनियात, फेअरफॅक्स काउंटीत राहतो. मुलगा आठवीत आहे. तिसरीपासून एएपी सेंटरला, म्हणजे हुशार मुलांच्या खास वर्गांच्या शाळेत. सातवीतच आल्जिब्रा झालं, यंदा जॉमेट्री, रिपोर्ट कार्डात ‘ए’शिवाय अक्षर नाही. एप्रिलमध्ये टीजेचा, म्हणजे थॉमस जेफरसन या विज्ञानाच्या निवडक सरकारी हायस्कूलचा, निकाल आला. त्याचा नंबर नाही, वेट पूलमध्ये, म्हणजे प्रतीक्षा यादीतही नाही. रविवारच्या मराठी शाळेतल्या त्याच्या मित्राचा मात्र लागला. तो रूट वन हायवेकडच्या कमी स्पर्धेच्या शाळेत जातो आणि आल्जिब्रा यंदा पहिल्यांदा करतोय. त्याच्या आईने ग्रुपवर पेढ्यांचा फोटो टाकला, आम्ही अंगठा दिला. त्या रात्री जेवताना हे म्हणाले, “त्याचा कोट्यातून लागला.” मुलगा काही बोलला नाही, पण तेव्हापासून मराठी शाळेत जायला तयार नाही. नाशिकहून सासूबाई रोज फोनवर विचारतात, नंबर लागला का. हे म्हणतात, कुणी पुन्हा केस करणार असेल तर आपणही पैसे देऊ. धाकटी पाचवीत आहे. तिला सेंटरऐवजी कमी स्पर्धेच्या मिडल स्कूलला घालावं का, की सरळ घरच बदलावं? आमच्यावर अन्याय झालाय की नाही, तेवढं स्पष्ट सांगा.*

*एक आई*

अगं,

तुझ्याहून वीसेक वर्षांनी मोठी आहे, म्हणून ‘अगं’च म्हणते. आधी तो जेवणाच्या टेबलावरचा शब्द निकालात काढू, कारण बाकी गुंता त्याच्याभोवतीच झालाय.

‘कोटा’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जातीचा दाखला येतो. टीजेमध्ये तसं काही नाही. २०२० च्या डिसेंबरमध्ये स्कूल बोर्डाने जो नियम केला त्यात काउंटीतल्या आणि शेजारच्या भागांतल्या प्रत्येक सार्वजनिक मिडल स्कूलला आठवीच्या पटाच्या दीड टक्का जागा ठेवल्या. चारशे मुलांची आठवी असेल तर सहा जागा. त्या सहा जागांसाठी तुझा मुलगा लढला तो त्याच्याच शाळेतल्या मुलांशी, आणि सेंटरच्या शाळेत त्याच्यासारखे साठ-सत्तर तरी असणार. त्याच्या मित्राच्या शाळेतल्या जागांना तुमच्या शाळेतलं कुणी हात लावू शकत नव्हतं, आणि तुमच्या जागांना तो. तुझ्या मुलाच्या पुढे गेली ती त्याच्याच वर्गातली सहा मुलं. त्यांतल्या कुणाच्या आईने पेढ्यांचा फोटो टाकला नाही, म्हणून त्यांच्यावर राग निघाला नाही, इतकंच.

आता हेही सांगते, नाहीतर तुझे यजमान म्हणतील ताईंनी अर्धंच सांगितलं. या जागा वाटून उरतात त्यांच्यासाठी सगळे एकत्र असतात, आणि निवड करताना २०२० च्या ठरावात काही गोष्टींना जास्तीचं वजन होतं: घरची मिळकत कमी असल्याने शाळेत सवलतीचं जेवण, इंग्रजी नव्याने शिकणं, विशेष शिक्षणाची गरज, आणि जिथून टीजेला फारसं कुणी जात नाही अशी शाळा. त्यात तुझ्या मुलाच्या पारड्यात काहीच पडलं नसणार. पण वंश, नाव, मुलगा की मुलगी, हे अर्ज वाचणाऱ्यांना दिसतच नाही. त्यांच्यापुढे नावाऐवजी नुसता क्रमांक येतो.

आणि ‘दर्जा खाली आणला’ हे आपल्या प्रत्येक पार्टीत ऐकू येतं. अर्जाला लागणारा किमान जीपीए, म्हणजे शाळेतल्या ग्रेडची सरासरी, आधी ३.० होता, तो ३.५ झाला. काढली ती प्रवेश परीक्षा, आणि अर्जाची १०० डॉलर फी.

परीक्षेचं मला बोलायचंच आहे, कारण तिथे माझे हात स्वच्छ नाहीत.

माझी मुलगी जुन्या परीक्षेतून टीजेला गेली. सातवी-आठवीतले दोन उन्हाळे आणि मधले सगळे शनिवार एका मिठाईच्या दुकानावरच्या मजल्यावरच्या क्लासला गेले. खाली जिलेबी तळत असायची आणि वर मुलं वेळ लावून पेपर सोडवायची. मी खाली गाडीत बसून स्वेटर विणायचे. दोन वर्षांत आम्ही क्लासला जे दिलं त्यात नागपूरची जाऊन-येऊन दोघांची तिकिटं निघाली असती. नंबर लागला तेव्हा मी सगळ्यांना फोन करून सांगितलं, “स्वतःच्या हिमतीवर गेली हो पोरगी.” पहिल्या पालकसभेला गेले तर निम्मे चेहरे ओळखीचे. कुठले, ते घरी येताना आठवलं. मिठाईच्या दुकानासमोरच्या पार्किंग लॉटमधले.

मुलगी हुशार नव्हती असं नाही. पण मार्क म्हणजे निव्वळ हुशारी, असं आपण मनात धरून चालतो. आपण बोर्डात येण्याचं कौतुक असलेल्या गावांतले. रुईयाची लिस्ट, फर्ग्युसनची लिस्ट, कटऑफला पॉइंट दोनने हुकलेला भाऊ. आकडा दिसला की आपल्याला न्याय दिसतो. पण २०२० साली निवडलेल्या सुमारे पाचशे मुलांत काळी मुलं दहासुद्धा नव्हती, आणि घरची परिस्थिती बेताची असलेली मुलं टक्काभरही नव्हती. न्यूयॉर्कमध्ये १९७१ च्या कायद्याने आजही एकाच परीक्षेवर प्रवेश होतात. तिथल्या स्टायव्हसंट हायस्कूलमध्ये २०२३ साली ७६२ जागांपैकी काळ्या मुलांना मिळाल्या ७. हे सगळं केवळ हुशारीने घडतं असं ज्याला म्हणायचंय त्याने म्हणावं. मी त्या पार्किंग लॉटमध्ये बसलेय, माझ्याने म्हणवत नाही.

तुझ्या यजमानांना एक विचार. टीजे सुरू झालं १९८५ साली. १९८५-८६ मध्येच आपल्या अमरावतीत नवोदय विद्यालय सुरू झालं, हरियाणातल्या झज्जरबरोबर देशातलं पहिलं. सरकारी शाळा, निवडून घेतलेली मुलं, राहणं-जेवण फुकट. तिथे निदान ७५ टक्के जागा खेड्यातल्या मुलांना, आणि शाळा जिल्ह्यागणिक, म्हणजे गडचिरोलीच्या मुलाला पुण्याच्या मुलाशी झुंजावं लागत नाही. माझ्या चुलतभावाचा मुलगा अचलपूरकडच्या एका खेड्यातून नवोदयला लागला तेव्हा आमच्या घरात कुणी म्हणालं नाही की त्याने अमरावती शहरातल्या पोराची जागा खाल्ली. उलट नागपूरहून आम्ही गाडी करून त्याला सोडायला गेलो होतो. शाळा बघून जागा वाटणं ही कल्पना आपल्याला परकी नाही. ती आपल्या पोराच्या आड कधी आली नव्हती, एवढंच.

पण नवोदयने परीक्षा सोडलेली नाही. इथेच मी फेअरफॅक्सच्या बोर्डाशी भांडते. शाळागणिक जागा वाटायला माझी हरकत नाही, वाटायला हव्याच होत्या. पण त्या-त्या शाळेतल्या मुलांमध्ये निवड करताना सगळ्यांनी दिलेला एखादा पेपर ठेवायला काय हरकत होती? आता जीपीए आहे, पण ज्या शाळेत अर्ध्या वर्गाला सगळे ‘ए’ आहेत तिथे त्याने काय निवडणार? मग स्वतःबद्दलची उत्तरं आणि गणित-विज्ञानाचा एक निबंध. तो बंद दाराआड वाचला जातो आणि मुलाला शेवटपर्यंत कळत नाही की कमी काय पडलं. पॉइंट दोनने हुकलेल्या माझ्या भावाला निदान तो पॉइंट दोन माहीत होता. आठवडाभर रडला आणि दुसऱ्या कॉलेजात गेला. तुझ्या मुलाच्या हातात काहीच नाही, म्हणून तो कारण शोधतोय, आणि त्याला टेबलावर एक आयतं मिळालं.

केसचं म्हणशील तर ती होऊन गेली. पालकांच्या एका गटाने २०२१ मध्ये दावा लावला. नव्या नियमाच्या पहिल्याच वर्षी आशियाई मुलांचा वाटा ७३ टक्क्यांवरून ५४ वर आला होता, आणि बोर्डाच्या सदस्यांचे आपसातले असे मेसेज बाहेर आले होते की त्यांना हे होणार याची कल्पना होती. ते मेसेज वाचून मलाही राग आला, खोटं कशाला बोलू. २०२२ च्या फेब्रुवारीत न्यायाधीश क्लॉड हिल्टन यांनी पालकांच्या बाजूने निकाल दिला. मे २०२३ मध्ये वरच्या कोर्टाने दोन विरुद्ध एक मतांनी तो फिरवला. त्यांचं म्हणणं, अर्जांमध्ये आशियाई मुलं साधारण ४९ टक्के आणि निवडलेल्यांत ५४, मग डावललं कुठे? याच निकालपत्रातली दुसरी गोष्ट आपल्या ग्रुपवर कुणी फॉरवर्ड केली नाही: गरीब घरांतली आशियाई मुलं आदल्या वर्षी एक होती, ती पन्नासच्या घरात गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. न्यायमूर्ती अलिटो आणि थॉमस यांनी त्याविरुद्ध मत नोंदवलं. पुढे २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याने चौकशी काढली. म्हणजे वरच्या पातळीवर भांडण अजून चालू आहे, पण तुझ्या मुलाच्या यंदाच्या प्रवेशाला त्याचा उपयोग नाही. यजमानांना पैसे द्यायचे असतील तर देऊ देत, ते तत्त्वासाठी. ‘त्याला न्याय मिळवून देतोय’ असं मुलाला सांगून नाही.

त्याहून स्वस्त आणि जास्त उपयोगी म्हणजे बोर्डाच्या सभेत नाव नोंदवून बोलणं. बोर्डाची निवडणूक २०२७ च्या नोव्हेंबरमध्ये आहे. ग्रीन कार्डच्या रांगेत असाल तर मत देता येणार नाही, पण बोलायला सिटिझनशिप लागत नाही. “निबंध कशावर जोखता ते जाहीर करा, न लागलेल्या मुलाला त्याचे गुण दाखवा”, एवढी एकच मागणी करा. ती आशियाई पालकांपुरती राहणार नाही, रूट वनकडची आईसुद्धा सही करेल.

आता धाकटी. घर बदलू नका. ती आठवीत पोचेपर्यंत तीन वर्षं जातील, आणि गेल्या पाच-सहा वर्षांत या एका शाळेच्या नियमाने किती कोर्टं पाहिली ते वर लिहिलंच आहे. तुम्ही नव्या घराचा हप्ता भरत बसाल आणि इकडे नियम बदललेला असेल. सेंटर की जवळची शाळा, हा प्रश्न वेगळा आहे, तो टीजे बाजूला ठेवून सोडवा. तिच्या जवळच्या शाळेत वरच्या पातळीचं गणित आहे का? मैत्रिणी कुठे जाणार आहेत? बस किती वेळ? यातून जवळची शाळा बरी वाटली तर खुशाल घाला. नुसतं ‘तिथे पोरं कमी हुशार, आपली उठून दिसेल’ म्हणून घालाल तर ते तिला आठवड्यात कळेल आणि वर्गातल्या पोरांनाही कळेल.

मोठ्यासाठी दार पूर्ण बंद नाही. नववीत असताना दहावीच्या प्रवेशासाठी पुन्हा अर्ज करता येतो. जागा थोड्या असतात, त्याला स्वतःला करावासा वाटला तरच करू दे. नाही केला तरी नेहमीच्या हायस्कूलमध्ये एपी किंवा आयबीचे वरच्या पातळीचे विषय आहेत, पुढे नॉर्दर्न व्हर्जिनिया कम्युनिटी कॉलेजचे विषय घेता येतात. जॉमेट्री आठवीत संपवलेल्या मुलाला गणित कमी पडणार नाही. माझ्या मुलीच्या बॅचची दोन मुलं तर टीजे सोडून आपल्या हायस्कूलला परत गेली होती. एक म्हणे झोपेसाठी. त्याच्या आईला आम्ही तेव्हा हसलो होतो.

राहिला मराठी शाळेचा प्रश्न, आणि मला वाटतं तुझ्या पत्रात खरी निकड त्याचीच आहे. तो मित्रावर रागावलाय असं तू धरून चाललीस. मला तसं वाटत नाही. बाबांनी मित्राबद्दल काय म्हटलं ते त्याने ऐकलंय आणि आता मित्राच्या तोंडाकडे बघायची त्याला लाज वाटतेय. चौदा वर्षांच्या मुलाला हे सांगता येत नाही, तो पोट दुखतंय म्हणतो. तेव्हा ज्याने शब्द टाकला त्यानेच तो उचलायचा, आणि त्याच टेबलावर. “मी रागात बोललो, मला नियमही नीट माहीत नव्हता” एवढं पुरे. त्यावर भाषण नको, पुरुषांना भाषणाची सवय असते. मग येत्या रविवारी तू घरी थांब आणि त्यांनाच गाडी काढू दे. त्या मित्राच्या घरी दोन गाड्या आहेत का एक, ते मला माहीत नाही, पण वाटेत त्याला घेऊन जाता येत असेल तर विचारून बघा. पेढ्यांच्या फोटोला अंगठा दिलात, पेढा अजून खाल्लेला नाही.

सासूबाईंना उद्याच्या फोनवर सरळ सांग, “नाही लागला.” त्या नाशिकच्या आहेत, अकरावीच्या तीन-तीन याद्या बघितलेल्या. ‘बरं, मग दुसरं कुठलं कॉलेज?’ असंच विचारतील बघ.