दोनच ठेवायच्या, तर कोणत्या?

या अंकासाठी आलेल्या पत्रांत रायफली आणि बंदुकींवरचीच जास्त निघाली, म्हणून हा अख्खा भाग त्यांनाच दिला आहे. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हौसेची शिकार बंद आहे. खाली शिकारीची जी उत्तरं आहेत ती परदेशात राहणाऱ्या नातेवाइकांसाठी विचारलेल्या प्रश्नांची आहेत. इथल्या वाचकांनी त्यातलं रायफलीचं शास्त्र घ्यावं, सावज घेऊ नये.

प्रश्न : वडील २०१८ साली गेले. त्यांच्या लायसनवरची तीन हत्यारं तेव्हापासून दुकानदाराकडे जमा आहेत : इशापूरची ३१५ रायफल, बारा बोरची दुनळी आणि बावीस बोरची रायफल. आता माझ्या नावावर दोनच होतील असं कळतं. देपालपूरकडे शेती आहे, नीलगायी आणि रानडुकरं सोयाबीन ठेवत नाहीत. कोणत्या दोन ठेवू?
*– एक वाचक, रामबाग, इंदूर*

बरोबर कळलंय. १४ डिसेंबर २०१९पासून आर्म्स ॲक्टमधली मर्यादा तीनवरून दोनवर आली आणि वारसाहक्काने आलेली हत्यारंही त्यातच मोजली जातात. दुनळी ही रायफल नसली तरी मोजणीत ती एक हत्यार धरली जाते. एक सवलत मात्र बऱ्याच जणांना ठाऊक नसते. केंद्राचं लायसन किंवा मान्यता असलेल्या रायफल क्लबचे तुम्ही सभासद असाल आणि बावीस बोर नेमबाजीच्या सरावासाठी वापरत असाल, तर या दोनच्या मर्यादेचं कलम तिला लागू होत नाही. तेव्हा आधी क्लबची मान्यता कोणाची आहे ते कागदावर बघा, सभासदत्वाचा दाखला घ्या आणि मगच कलेक्टर ऑफिसात अर्ज करा. सभासदत्व नसेल तर बावीस बोर विकायची, कारण शेतावर तिचा काही उपयोग नाही. नीलगायीचा नर दोनशे किलोच्या वर जातो. बावीस बोरच्या गोळीने तो पडत नाही, जखमी होऊन चार दिवसांनी कुठल्या तरी नाल्यात मरतो.

म्हणजे राहिल्या ३१५ आणि दुनळी. ही जोडी चांगली आहे, कारण दोघींची कामं वेगळी आहेत. कुठल्याही जोडीत बघायचं ते हेच. पण घरी आणण्याआधी दोन्ही बंदुकसाजाकडून तपासून घ्या.

३१५मध्ये बोल्टच्या मुठीमागचा नंबर आणि रायफलीच्या अंगावरचा नंबर एकच आहे का, ते आधी पाहा. ही ली-एनफिल्ड घाटाची रायफल. तिचा बोल्ट त्या-त्या रायफलीला बसवून दिलेला असतो. कुणी दुसरीचा बोल्ट घातला असेल तर काडतुसाच्या बुडाशी फट राहते, आणि मग काडतुसाची पितळी केस, म्हणजे कवच, बुडाजवळ फाटते. झाडलेल्या केसवर कडेपासून बोटभर वर चकचकीत गोल रेघ दिसली, तर रायफल वापरू नका.

दुनळीच्या नळ्या बुडाशी उलट्या करून बघा. तिथे चेंबरची, म्हणजे काडतूस बसतं त्या खोबणीची, लांबी कोरलेली असते : जुन्या बंदुकीत ६५ मिमी किंवा अडीच इंच, नव्या बंदुकीत ७० मिमी. इथेच हमखास फसगत होते. ७० हा आकडा झाडल्यानंतर तोंड उघडलेल्या काडतुसाचा असतो. भरलेलं काडतूस त्याहून आखूड, त्यामुळे ते ६५च्या चेंबरमध्ये आरामात जातं आणि सगळं ठीक वाटतं. बार उडाला की तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब एकदम चढतो. नळ्यांवर साडीच्या काठासारखी नागमोडी नक्षी दिसली तर ती दमास्कस नळी समजा. ती भिंतीवर शोभेल, आजचं काडतूस तिच्यात घालायचं नाही.

आता पिकाचं. लायसन असलं म्हणून नीलगायीवर गोळी झाडता येत नाही. कायद्याच्या कलम ११ खाली, उभ्या पिकाला धोका आहे अशी खात्री पटली तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणासह लेखी परवानगी देतो. ती हातात पडेपर्यंत दुनळीचा हवेत काढलेला बारही ठाण्यात सांगून ठेवावा. परवानगी मिळालीच, तरी माळव्यातली सपाट काळी जमीन विसरू नका. ३१५ची गोळी चुकली तर दोन शेतं ओलांडून थांबत नाही, तीन-तीन किलोमीटर जाऊ शकते. माचाणावरून, खाली जमिनीकडे नळी असेल तरच रायफल. नाहीतर दुनळीत एलजी, म्हणजे मोठ्या छऱ्यांचं काडतूस, घालून तीस-पस्तीस मीटरच्या आत.

प्रश्न : मुलगी आणि जावई न्यूझीलंडला दक्षिण बेटावर मेंढ्यांच्या फार्मवर असतात. जावईबापूंना तिथलं फायरआर्म्स लायसन मिळालं आहे. ससे, रानबकऱ्या, लाल हरणं आणि डोंगरात टार (रानबकऱ्यासारखं जनावर), एवढं सगळं दोन रायफलींत बसवायचं आहे. दुकानदार त्यांना मॅग्नमच, म्हणजे जास्त दारूच्या जोरदार काडतुसाची रायफलच, घ्या म्हणतो. काय सांगू?
*– दांडिया बाजार, वडोदरा*

मॅग्नम नको असं सांगा. बावीस एलआर आणि ३०८ विंचेस्टर घ्यायला सांगा.

न्यूझीलंडमध्ये वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नाही. हरणं, टार, ससे सगळे बाहेरून आणलेले, आणि ते झाडोऱ्याची नासाडी करतात, म्हणून तिथे सरकारच शिकारीला परवाना देतं. अंगावर येईल असं मोठं जनावर तिथे नाही. मग मॅग्नमचा धक्का सोसायचा कशासाठी?

शंभरातल्या नव्वद गोळ्या बावीसच्याच उडणार आहेत, तेव्हा तिला दुय्यम समजून स्वस्तातली घेऊ नये. बोल्ट ॲक्शन, म्हणजे दर गोळीला हाताने बोल्ट मागे-पुढे करायची, घ्यावी. त्या देशात सायलेन्सर चालतो, आणि आवाजाच्या वेगाहून मंद, म्हणजे सेकंदाला ३४० मीटरच्या आतल्या सबसॉनिक गोळ्या त्यावर इतक्या हळू वाजतात की बाजूचा ससा कान टवकारतो आणि पुन्हा चरायला लागतो. सेमी-ऑटोमध्ये याच गोळ्या अडकतात, कारण बोल्ट पूर्ण मागे ढकलायला त्यांच्यात जोर नसतो. बावीस बोर काडतुसांच्या बाबतीत फार लहरी असते. चार-पाच कंपन्यांचा एकेक डबा आणावा, ५० मीटरवर पाच-पाच गोळ्यांचे गट पाडावेत, ज्याचा गट सगळ्यात लहान त्याचीच पेटी घ्यावी. नेम ५० मीटरला लावला तर हाय-व्हेलॉसिटी गोळीसुद्धा १०० मीटरला १५ सेंमी.च्या आसपास खाली पडते. सशाचं डोकं केवढं असतं ते आठवलं की ६०-७० मीटरच्या पुढे का जाऊ नये ते लक्षात येईल.

३०८च का? ३०-०६ हे त्याहून लांब काडतूस त्याच १५० ग्रेनच्या (पावणेदहा ग्रॅमच्या आसपास) गोळीला सेकंदाला पंचवीस-तीस मीटर वेग जास्त देतं, आणि तोही लांब नळीत. सायलेन्सर लावला की रायफल पंधरा-वीस सेंमी. लांब होते. झुडपातून, तारेच्या कुंपणाखालून जायचं तर नळी २० इंचांची किंवा त्याहून आखूड हवी. एवढ्या नळीत ३०८चं फारसं बिघडत नाही, ३०-०६ची जास्तीची दारू मात्र नळीबाहेरच जळते. शिवाय ३०८ची काडतुसं लहान गावातल्या दुकानातही मिळतात. १५० किंवा १६५ ग्रेनची सॉफ्ट-नोज, म्हणजे लागल्यावर फुलणारी, गोळी बकरीपासून लाल हरणाच्या नरापर्यंत पुरते. नेम २०० मीटरला लावावा. मग १०० मीटरवर गोळी ५ सेंमी. वर लागेल, ३०० मीटरवर वीस-पंचवीस सेंमी. खाली. टारसाठी दरीपलीकडे ३००चं अंतर येतं. त्याच्या पुढचं सोडून द्यावं, कारण वारा ओळखता येत नाही.

मॅग्नमची खरी अडचण खांद्याला होत नाही, डोळ्याला होते. धक्क्याच्या धास्तीने घोडा दाबायच्या क्षणी डोळा मिटतो आणि मनगट नळी खाली ढकलतं. जावईबापूंना ही परीक्षा करायला सांगा : मुलीने त्यांना न दाखवता मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांत एक-दोन डमी मिसळून द्यावीत. डमीवर नुसतं ‘खट्’ होतं. त्या वेळी नळी बुडाली तर गचका बसतोय, आणि तो बावीसवर चार-सहा आठवडे सराव केल्याशिवाय जात नाही.

आणखी एक, हे दुकानदार सांगत नाहीत. दोन्ही रायफलींची सेफ्टी एकाच जागी आणि एकाच दिशेने सरकणारी घ्यावी. घोड्याचं वजन, म्हणजे तो दाबायला लागणारा जोर, दोन्हींचं सारखं ठेवावं, सव्वा ते दीड किलोच्या दरम्यान. दुर्बिणीतली फुलीही एकाच नमुन्याची असावी. म्हणजे बावीसवरचा सराव आपोआप ३०८ला लागू होतो. फक्त बावीसची दुर्बीण रिमफायरसाठीची, म्हणजे बावीससारख्या लहान काडतुसांसाठीचीच हवी, तिचा पॅरॅलॅक्स (डोळा हलला की फुली सरकल्यासारखी दिसते तो दोष) ५० मीटरच्या आसपास जुळवलेला असतो. रायफलीएवढेच पैसे दुर्बिणीला लागतील, तिथे कंजुषी नको.

दस्ता अंगाला बसतो का ते दुकानातच बघता येतं. डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची आणि मग डोळे उघडायचे. दुर्बिणीतलं वर्तुळ पूर्ण दिसलं तर बरोबर. कडेला काळी चंद्रकोर दिसली तर दुर्बीण पुढे-मागे सरकवावी. मान ताणावी लागत असेल तर दस्ता लांब किंवा आखूड आहे.

प्रश्न : धाकटे बंधू दक्षिण आफ्रिकेत आहेत, त्यांच्याकडे ३०-०६ आहे. केप म्हशीच्या शिकारीचं बोलावणं आलंय. दुसरी रायफल कोणती?
*– लष्कर, ग्वाल्हेर*

३७५ एच ॲण्ड एच मॅग्नम. १९१२ सालचं काडतूस आहे, तरी धोकादायक जनावरांसाठी आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत किमान म्हणून आजही हेच धरलं जातं. ३०० ग्रेनची, म्हणजे जवळपास साडेएकोणीस ग्रॅमची गोळी. धक्का ३०-०६च्या दुपटीकडे जातो, म्हणून दुर्बीण डोळ्यापासून किमान ९ सेंमी. लांब बसवायची, नाहीतर भुवई फुटते. दुर्बीण कमी शक्तीचीच घ्यावी, दीडपटीपासून सुरू होणारी. म्हैस जवळून दिसते, नऊपटीत नुसती काळी भिंत दिसेल.

बोल्ट माउझर रायफलीसारखा रुंद पंजा असलेला घ्यावा. तो काडतूस मॅगझिनमधून निघतानाच कडेला धरतो, त्यामुळे घाईत बोल्ट अर्धवट मागे-पुढे झाला तरी दोन काडतुसं एकमेकांत अडकत नाहीत. जुनी रीत अशी की पहिली गोळी सॉफ्ट-नोज, मागच्या सगळ्या सॉलिड. पळणारी म्हैस पाठ करून जाते, आणि तिथून आत पोचायला न फुटणारी गोळीच लागते. दोन्ही प्रकारच्या गोळ्या एकाच ठिकाणी लागतात का, ते आधी कागदावर तपासून घ्यायला सांगा.

हरणांसाठी ३०-०६ आहेच. ती विकू नका.

प्रश्न : दोन्ही रायफली एकाच बोरच्या घेतल्या तर काडतुसांची भानगड कमी होईल ना?
*– नाव-गाव नाही*

होईल. पण मग दुसरी घेतलीच कशाला?

प्रश्न : माझी ३०-०६ उन्हाळ्यात १०० मीटरला तीन बोटांत गट पाडते. पावसाळ्यात तीच रायफल डावीकडे मारते, आणि दुर्बीण फिरवून जुळवली तर दिवाळीनंतर उजवीकडे जाते. दुर्बीण बिघडली का?
*– सुदामानगर, इंदूर*

बहुतेक दुर्बिणीला काही झालेलं नाही, लाकूड फुगतंय. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत दस्त्याचा पुढचा भाग फुगून नळीला एका बाजूने टेकतो. थंडीत सुकला की सुटतो. रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करा, मग साध्या कागदाची पट्टी नळी आणि लाकूड यांच्या मधून चेंबरपर्यंत सरकवत न्या. जिथे अडेल तिथे पेन्सिलीने खूण करा. तिथलं लाकूड बंदुकसाजाकडून थोडं खरवडून घ्या आणि उघडं पडलेलं लाकूड वॉर्निशने बंद करायला सांगा. वॉर्निश राहिलं तर पुढच्या पावसाळ्यात तेच होणार. पट्टी कुठेच अडली नाही तर दस्त्याचे आणि दुर्बिणीच्या कड्यांचे स्क्रू बघा. नेम भटकण्याचं दुसरं मोठं कारण ढिले स्क्रूच असतात.

मगच दुर्बीण जुळवा, आणि अंदाजाने फिरवू नका. पाव मिनिटाच्या (हे मिनिट कोनाचं, अंशाचा साठावा भाग) दुर्बिणीत एक क्लिक म्हणजे १०० मीटरला ७ मिमी, २५ मीटरला २ मिमी.हून थोडं कमी. २५ मीटरवर गट ३६ मिमी डावीकडे पडला तर वीस क्लिक उजवीकडे. काडतुसं मोजून मिळत असताना हा हिशेब कागदावरच करावा. निर्णय तीन गोळ्यांच्या गटावर घ्या, एका गोळीवर नको. तेल लावलेल्या नळीची पहिली गोळी वेगळीच जाते, ती धरायचीच नाही.

पावसाळा संपेपर्यंत रायफल चामड्याच्या म्यानात ठेवू नका. चामडं ओल शोषतं आणि लोखंडाला गंज लावतं. कपाटात उभी करा, तोंड खाली, म्हणजे तेल दस्त्यात झिरपत नाही. जुन्या साठ्यातली काडतुसं वापरत असाल तर त्यांच्या टोपीत, म्हणजे बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या भागात, क्लोरेट असू शकतं. झाडल्यावर नळीत त्याचं मीठ बसतं. तेल मिठाला विरघळवत नाही, वरून झाकतं, आणि गंज खालून चालू राहतो. आधी उकळतं पाणी नळीतून ओता, नळी कोरडी करा, मग तेल द्या.

पावसाळ्यानंतर पहिल्यांदा बाहेर काढताना बोल्ट काढून नळीतून उजेड बघायला विसरू नका. कुंभारमाशी आत मातीचं घर करते. एवढीशी मातीसुद्धा गोळीच्या वाटेत आली तर नळी तिथे फुगते, आणि फुगलेली नळी दुरुस्त होत नाही.