जुन्या अ‍ॅक्टिव्हाच्या मागच्या बाजूने घरघर येते, मिस्त्री म्हणतो ‘पूर्ण किट बदला’. बदलावं का?

किट आत्ता घेऊ नका. तुम्ही लिहिलंय की गाडी २००९ ची, रोज खानापूर-बेळगाव ये-जा, वेग वाढेल तशी मागून घरघर वाढते, सिग्नलवरून उठताना गाडी थरथरते, आणि हे सगळं पावसाळ्यानंतर सुरू झालं. वाचून मला तरी हे एक नाही, दोन वेगळे बिघाड वाटतात. किट म्हणजे बेल्ट, पुढच्या पुलीतले रोलर आणि स्लाइड पीस आणि फार तर क्लच शू. घरघर गिअरबॉक्समधली असेल तर सगळं किट नवं टाकूनही ती तशीच राहणार, आणि पैसे गेल्याचं दुःख वेगळं. मी बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये आहे. दिवसभर कानावर बेअरिंगचेच आवाज असतात आणि घरच्या, गल्लीतल्या स्कूटर रविवारी माझ्याकडेच उघडतात, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्याकडचे जुने मिस्त्री आवाज कसा आहे हे नंतर विचारतात. आधी विचारतात, “कवा येऊलाय?” उभ्या गाडीत, उठताना, पळताना की गॅस सोडल्यावर? यातच निम्मं उत्तर असतं. इंजिनच्या टोकाला पुढची पुली म्हणजे व्हेरिएटर, तिथून बेल्ट, मग मागची पुली. तिच्यावर क्लच शू (वेग वाढला की बाहेर फाकून ड्रमला धरणारे), शूभोवती क्लचचा ड्रम, ड्रमच्या शाफ्टवर छोटा गिअरबॉक्स आणि शेवटी चाक. १९८४ च्या कायनेटिक होंडापासून आपल्याकडच्या गिअरलेस स्कूटरची मांडणी हीच. गुलमर्गला बर्फावर पळणाऱ्या स्नोमोबाइलमध्येही दोन पुल्या आणि मधला बेल्ट हाच जीव असतो. इंजिन बंद असताना शू ड्रमला धरत नाहीत. म्हणजे चाक हाताने फिरवलं तर फक्त ड्रम आणि गिअरबॉक्स फिरतो, बेल्टकडचा भाग गप्प राहतो. याचाच फायदा घ्यायचा.

गाडी डबल स्टँडवर लावा, इंजिन बंद, मागचा ब्रेक थोडा सैल करा म्हणजे लायनिंगची घासघास फसवणार नाही. एका हाताने चाक फिरवा, दुसरा तळवा चाकाजवळच्या गिअरबॉक्सच्या कव्हरवर सपाट ठेवा. खराब बेअरिंग हाताला बारीक खरखर देतं, कानाला ऐकू येण्याआधी. मग चाक वर-खाली धरून हलवा. अ‍ॅक्टिव्हात मागचं चाक थेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवरच बसतं, तेव्हा प्ले, म्हणजे ढिली हालचाल, सापडला तर तो शाफ्टच्या बेअरिंगचा असतो, नाहीतर चाकाचा नट ढिला किंवा हबमधले दाते झिजलेले. दाते झिजले असतील तर गाडी उठताना आणि ब्रेक मारताना ‘कट्’ असा एकच ठोका येतो. हे सापडलं तर गाडी तशी पळवू नका.

आता गिअर ऑइल. तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय इथेच आहे. इंजिन ऑइल सगळे बदलतात, गिअरबॉक्सचं मात्र वर्षानुवर्षं कुणी बघत नाही, कारण ते जेमतेम शंभर-सव्वाशे मिली असतं आणि त्याचं झाकण मागे लपलेलं असतं. खानापूरकडचा पाऊस तुम्हाला मी सांगायला नको. रस्त्यावरून वाहणाऱ्या पाण्यातून गाडी नेली की तापलेला गिअरबॉक्स एकदम थंड होतो आणि हवेच्या छिद्रातून किंवा जुन्या सीलमधून पाणी आत ओढतो. ऑइल बशीत काढा आणि उन्हात बघा. दुधाळ, राखाडी दिसलं तर पाणी गेलंय. थेंब बोटात चोळल्यावर चमचमणारी बारीक पूड दिसली तर बेअरिंग किंवा गिअर झिजतोय. नुसतं काळं असेल तर नवं भरून थोडे दिवस चालवून बघा, घरघर कमी होऊ शकते. पूड दिसली तर मात्र नव्या ऑइलने काही होणार नाही, बेअरिंग बदलावंच लागेल. जुन्या बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, तो वाचून घ्या. नंबरापुढे सी३ (म्हणजे आत थोडी जास्त मोकळीक असलेलं) असेल तर नवंही सी३ च हवं, हे दुकानात ठासून सांगा. सोबत ऑइल सील आणि गॅस्केट नवं.

थरथरीचं कारण वेगळं. शूची लायनिंग आणि ड्रमचा आतला भाग गुळगुळीत, काचेसारखा झाला की पकड बसताना हिसके बसतात, दमट हवेत जास्तच. ड्रमच्या आत निळसर डाग असतील तर तो तापलाय. लायनिंग जाड शिल्लक असेल तर शू आणि ड्रम दोन्हीला पॉलिश पेपर मारला की बहुतेक वेळा थरथर जाते. ती धूळ तोंडाने फुंकू नका, तोंडाला फडकं बांधून ओल्या कपड्याने पुसा. मागच्या पुलीच्या सीलमधून ग्रीस उडून बेल्टवर आलंय का तेही त्याच वेळी बघा. पुल्यांचे बेल्ट लागणारे चेहरे कोरडे ठणठणीत हवेत.

बेल्टकडच्या बाजूची खात्री करायची तर मागचा ब्रेक दाबून इंजिन स्लोवर चालू ठेवा. लांब डिसमिसचं टोक कव्हरवर टेकवून मूठ कानामागच्या हाडाला लावली की आवाजाची जागा कळते. उभ्या गाडीत खडखड आणि रेस वाढवली की गायब, तर रोलर किंवा स्लाइड पीस झिजलेत. उभ्या गाडीत गरगर आणि गाडी उठून क्लच पूर्ण धरला की बंद, तर मागच्या पुलीच्या आतलं बेअरिंग. हे फार जणांच्या लक्षात येत नाही: ते बेअरिंग पुली आणि शाफ्ट वेगवेगळ्या वेगाने फिरतात तेव्हाच काम करतं. ‘चीं’ आवाज असेल तर किक पायाने किंचित दाबून बघा, आवाज बदलला तर किकचा गिअर कोरडा पडलाय. कव्हर उघडं ठेवून रेस अजिबात करू नका. बोट, ओढणी, काहीही सापडू शकतं.

मिस्त्री व्हेरिएटर खोलेल तेव्हा समोर उभे राहा. पुढच्या पुलीला पंख्याची पाती असतात. नट सोडवताना त्यात डिसमिस अडकवला की एखादं पातं तुटतं, तोल जातो आणि नवीच थरथर मागे लागते. पुली धरायचं हत्यार वेगळं मिळतं. क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य शाफ्टच्या, दात्यांजवळ तांबूस भुकटी दिसली तर नट आधीपासून ढिला होता असं समजा. तिथे हयगय झाली तर खर्च थेट क्रँकवर जातो.

तर आधी चाकाचा प्ले आणि गिअर ऑइल बघा. ऑइलचा रंग कसा निघाला आणि हाताने फिरवताना खरखर लागली का, एवढं इथे लिहा, म्हणजे कोणतं बेअरिंग आधी काढायचं ते सांगतो.